इंजिन दुसऱ्याचं, गाडी आपली : दिएपच्या ‘आल्पिन’ची गोष्ट



गेल्या वर्षी आपल्या कॉलेजची बग्गी स्पर्धेत चढणीच्या फेरीत अर्ध्यावर अडकली, हे हॉस्टेलमध्ये सगळ्यांनाच ठाऊक आहे. परतताना रेल्वेत रात्रभर एकच विषय चालला होता : “इंजिनात दमच नव्हता.” मीही टीममध्ये होतो आणि मीही तेच बोलत होतो. शेवटी आमच्यातला सगळ्यात धाकटा, दुसऱ्या वर्षाचा मुलगा वरच्या बर्थवरून म्हणाला, “पण दादा, इंजिन तर सगळ्या टीमना एकसारखंच दिलं होतं ना?” त्यानंतर कोणीच काही बोललं नाही.

कॉलेजला परत आल्यावर आम्ही बग्गी उघडली. मेसच्या कोठीत बटाट्याची पोती मोजायचा जो काटा आहे, तो काकांच्या परवानगीने वर्कशॉपमध्ये आणला आणि एकेक भाग त्यावर ठेवला. रिपोर्टमध्ये आम्ही वजन लिहिलं होतं २६० किलो. काट्यावर बेरीज आली ३१५. म्हणजे ५५ किलोचा एक अख्खा माणूस आम्ही चढणीवर फुकट वाहून नेत होतो. गंमत म्हणजे त्यात फार जड असा एकही भाग नव्हता. ३ मिलिमीटरचा पत्रा चालला असता तिथे ‘असू दे’ म्हणून ६ चा, जिथे दोन बोल्ट पुरले असते तिथे चार. असू दे, असू दे करत ५५ किलो साठले.

त्या सुट्टीत मी वजन या एकाच गोष्टीवर जगलेल्या एका छोट्या फ्रेंच कंपनीबद्दल मिळेल ते वाचून काढलं. तिचं नाव आल्पिन. तिनेही स्वतःचं इंजिन बनवण्याचा हट्ट धरला नाही, दुसऱ्याचंच घेतलं. तरी त्या गाडीने १९७३ साली जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकलं. ते कसं, आणि त्याची किंमत काय पडली, हे या लेखात सांगायचा प्रयत्न करतो.

गॅरेजवाल्याचा मुलगा

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर दिएप नावाचं बंदराचं गाव आहे. मासेमारी, बोटी, समुद्रावर फिरायला येणारे लोक, असं गाव. मोटार उद्योगाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. तिथे १९२२ साली ज्याँ रेदेलेचा जन्म झाला. वडिलांकडे रेनोची एजन्सी होती. मुलगा पॅरिसला व्यवसाय व्यवस्थापन शिकला. लक्षात घ्या, हा इंजिनिअर नव्हता! महायुद्धानंतर गावी येऊन त्याने एजन्सी हातात घेतली, तेव्हा तो रेनोच्या सगळ्यात तरुण डीलरांपैकी एक होता.

त्या काळात रेनोची ४सीव्ही ही छोटी गाडी फ्रान्समध्ये धडाक्यात विकली जात होती. चार दरवाजे, मागे बसवलेलं ७४७ सीसीचं इंजिन आणि तीन गिअर. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या मोटारसायकलपेक्षाही लहान इंजिन म्हणा ना. गाडी विकायची तर ती पळते हे लोकांना दाखवायला हवं, म्हणून रेदेले स्वतःच ती शर्यतीत पळवू लागला. इटलीतल्या मिले मिलिया या हजार मैलांच्या प्रसिद्ध शर्यतीत १९५२ ते १९५४ या काळात त्याने ७५० सीसी गटात बाजी मारली. पुढे फेरारी आणि मर्सिडीज पळायच्या आणि मागे आपल्या गटात हा ४सीव्ही घेऊन यायचा. १९५४ साली आल्प्स पर्वतातल्या घाटांतून होणाऱ्या ‘कूप दे झाल्प’ रॅलीतही त्याला यश मिळालं. त्या घाटांत गाडी चालवण्याचा जो आनंद त्याला मिळाला, त्यावरूनच पुढे कंपनीचं नाव आल्पिन ठेवलं.

या शर्यतींतून त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. इंजिनाची ताकद वाढवायला तो झटत होताच, गिअरबॉक्स पाच गिअरचा करून बघत होता. पण ७४७ सीसीतून किती काढणार? मूळ इंजिनाची ताकद जेमतेम २१ अश्वशक्ती. ती चाळीसच्या पुढे नेली तरी मजल तेवढीच. मात्र इंजिनाभोवतीची जी गाडी आहे, ती चार दरवाज्यांची, कुटुंबासाठी बनवलेली, उंच आणि पत्र्याची. तिथे काटछाट करायला भरपूर वाव होता. त्याने इटलीतल्या जिओव्हानी मिकेलोत्तीकडून ४सीव्हीच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमची एक छोटी कूपे बॉडी आखून घेतली. ती चालली. मग १९५५ साली कंपनी रीतसर स्थापन झाली.

पहिलं मॉडेल ए१०६. त्याच्या तीन गाड्या रेनोचे प्रमुख पिएर द्रेफ्यूस यांना दाखवायला नेल्या, तेव्हा एक निळी, एक पांढरी आणि एक लाल रंगवली होती. म्हणजे फ्रान्सचा झेंडाच! एजन्सीवाल्याचा मुलगा होता तो, माल कसा मांडायचा हे त्याला कळत होतं. कारण सुटे भाग रेनोने दिले नाहीत तर त्याची गाडी बनणारच नव्हती. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

साचा आणि रेझीन

ए१०६ ची बॉडी फायबरग्लासची होती. १९५५ साली हे नवीन होतं. आता आपण जरा मटेरिअल सायन्सच्या तासाला बसू.

पत्र्याची बॉडी बनवायची तर प्रत्येक पॅनेलला प्रेस आणि डाय लागते. डाय भयंकर महाग, पण एकदा बनली की लाखभर बॉनेट ठोकून काढता येतात. वर्षाला शे-दोनशे गाड्या विकणाऱ्या माणसाला तो खर्च परवडणं शक्य नाही. फायबरग्लासला लागतो फक्त साचा. लाकूड-प्लास्टरचा नमुना करा, त्यावरून साचा घ्या, साच्याला आतून मेण लावा, जेलकोटचा थर द्या, त्यावर काचतंतूंची मॅट अंथरा, ब्रशने पॉलिएस्टर रेझीन पाजा, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढा. सुकलं की बॉडी बाहेर. आपल्याकडे बोटी, पाण्याच्या टाक्या आणि गणपतीतले देखावे याच पद्धतीने बनतात. यंत्रं कमी, हात जास्त.

वजनाचा हिशोबही करू. स्टीलची घनता ७.८५, म्हणजे ०.८ मिमी पत्र्याचा एक चौरस मीटर भरतो साधारण ६.३ किलो. हाताने घडवलेल्या फायबरग्लासची घनता दीड-पावणेदोनच्या आसपास. ते स्टीलइतकं ताठ नसल्याने जाडी जास्त द्यावी लागते. अडीच मिमी धरली तरी चौरस मीटरला ४ किलोच होतात. म्हणजे एक तृतीयांश वजन गेलं, शिवाय गंज नाही. दिएपसारख्या खाऱ्या हवेच्या गावात ही काही छोटी गोष्ट नाही.

तोटेही आहेत. प्रत्येक बॉडीला माणसाचे तासन् तास लागतात. थर कुठे जाड, कुठे पातळ होतो. रेझीनमधल्या स्टायरिनचा वास नुसता नकोसाच नाही, तर तब्येतीला घातक आहे. (आपल्या वर्कशॉपमध्ये खिडक्या बंद करून रेझीन वापरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) आणि गाड्यांचा खप वाढला, तरी एका गाडीमागचा खर्च पत्र्यासारखा झपाट्याने उतरत नाही. म्हणून फायबरग्लास हे छोट्या कंपनीचंच मटेरिअल राहिलं. आपल्या देशातली सॅन स्टॉर्म आठवते? बंगळूरच्या कंपनीची ती दोन सीटची उघडी गाडी. तिची बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. रेदेलेने चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी मांडलेलंच हे गणित होतं.

कण्याची गाडी

सुरुवातीच्या ए१०६ ला ४सीव्हीचाच पत्र्याचा तळ होता. तो जड होता. ए१०८ या पुढच्या मॉडेलच्या काळात, १९६० च्या सुमारास, रेदेलेने तो टाकून कण्याची चॅसी आणली. गाडीच्या मधोमध पुढून मागे जाणारी एक जाड पोकळ स्टीलची तुळई. पुढच्या टोकाला सस्पेन्शन, मागच्या टोकाला फाट्यासारखी फ्रेम आणि त्यात इंजिन. ड्रायव्हर कण्याच्या एका बाजूला, सोबती दुसऱ्या बाजूला. वरून फायबरग्लासची बॉडी चिकटवलेली, म्हणजे बॉडीचाही ताठपणा चॅसीला मिळतो.

हे का चालतं? स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये पिळाचा धडा आठवा. बंद पोकळ नळीचा पिळाला होणारा विरोध हा तिने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गावर अवलंबून असतो. उघड्या चॅनेलचा विरोध त्यामानाने क्षुल्लक. वहीचा पुठ्ठा सपाट धरून पिळून बघा, मग त्याचीच नळी करून कडा चिकटवा आणि पिळा. फरक हातालाच कळेल. रेदेलेने तेवढ्याच स्टीलची बंद नळी केली आणि ती मधोमध ठेवली. आमच्या बग्गीत आम्ही नेमकं उलट केलं होतं. फ्रेम पिळतेय असं वाटलं की आणखी एक आडवा पाइप वेल्ड करायचो. असे सात पाइप निघाले आणि त्यातल्या चारांनी पिळाला काहीच विरोध होत नव्हता.

या चॅसीवरच १९६२ साली आल्पिनची सगळ्यात गाजलेली गाडी आली, ए११०. फ्रेंच लोक तिला प्रेमाने ‘बर्लिनेत’ म्हणतात. लांबी ३.८५ मीटर, उंची फक्त १.१३ मीटर. शेजारी उभं राहिलं तर छप्पर छातीच्याही खाली राहतं. सुरुवातीला इंजिन रेनो-८ चं, ९५६ सीसी. पुढे रेनोची इंजिनं वाढत गेली तशी हिची वाढत गेली : ११०८, १२५५ आणि पुढे १५६५ सीसी. गाडी तीच.

थोडी तुलना करू. १६०० एस या रूपात ए११० ची ताकद सुमारे १३८ अश्वशक्ती आणि वजन ७०० किलोच्या आसपास. म्हणजे टनाला साधारण १९७ अश्वशक्ती. त्याच सुमाराची पोर्शे ९११ एस घ्या : १८० अश्वशक्ती, पण वजन एक टनाच्या थोडं वर. टनाला १७६ च्या आसपास. इंजिन बेचाळीस घोड्यांनी कमी असूनही हिशोबात आल्पिन पुढे!

आणि नुसता वेग वाढवण्यापुरताच हा हिशोब नाही. वजन कमी म्हणजे थांबवायची गतिज ऊर्जा कमी, म्हणून ब्रेक उशिरा मारता येतो आणि ते तापतही कमी. वळणावर तर आणखी फायदा. टायरवर दुप्पट भार टाकला तर पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून त्याच टायरवर हलकी गाडी तेच वळण जास्त वेगाने घेते. सरळ रस्त्यावर घोडे जिंकतात हे खरं, पण घाटात सरळ रस्ता असतो किती?

मागचं इंजिन : वरदान आणि डोकेदुखी

आता कोणी म्हणेल, इंजिन मागे ठेवण्यात काय शहाणपण? खरं सांगायचं तर रेदेलेला पर्याय नव्हता. रेनोच्या त्या गाड्यांत इंजिन मागे होतं, म्हणून त्याच्याही गाडीत मागेच आलं. जे मिळालं त्यात त्याने फायदा शोधला. फिरणाऱ्या चाकांवरच वजन असल्यामुळे बर्फात, चिखलात, खडीवर पकड उत्तम मिळते. नाक हलकं, त्यामुळे स्टिअरिंगही हलकं.

तोटा वळणात. वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढच्या चाकांकडे सरकतो, मागची पकड सुटते आणि जड शेपूट बाहेर फेकलं जातं. त्यात भर म्हणून मागचं सस्पेन्शन बराच काळ स्विंग ॲक्सलचं होतं. यात अर्धा ॲक्सल फक्त गिअरबॉक्सपाशी हलतो, त्यामुळे मागचा भाग उचलला गेला की चाक आतल्या बाजूला दुमडायला बघतं आणि टायर कडेवर उभा राहतो. यावर उपाय म्हणून मागची चाकं मुळातच वरच्या बाजूने आत झुकवून बसवत. जुन्या फोटोंत ए११० मागून बघा, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसते. आल्पिनच्या रॅली ड्रायव्हरांनी या दोषाचंच तंत्र केलं. वळणाच्या आधीच गाडी मुद्दाम आडवी टाकायची आणि मग ॲक्सिलरेटर न सोडता तिला बाहेर ओढून काढायचं. बघणाऱ्याला वाटायचं गाडी गेली आता दरीत!

मोठं होण्याचा मोह

आल्पिनचा सगळाच प्रवास असा सरळ नव्हता. १९६३ पासून कंपनी ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरू लागली. पहिल्याच वर्षी जबर धक्का बसला. ब्राझीलचा ड्रायव्हर क्रिस्तियन हाइन्स हा आल्पिन चालवत होता. दुसऱ्या एका गाडीतून सांडलेल्या तेलावर अपघातांची मालिका झाली आणि त्यात तो मरण पावला. ब्राझीलमध्ये आल्पिनची ए१०८ परवान्याखाली ‘विलिस इंटरलागोस’ या नावाने बनत होती आणि त्या कंपनीचा रेसिंग विभाग हाइन्सच सांभाळत होता. मेक्सिको, स्पेन आणि चक्क बल्गेरियातही पुढे आल्पिन बनल्या. छोट्या साच्यांची हीच तर सोय!

१९६४ साली आल्पिनला ल मांमध्ये एक बक्षीस मिळालं, ते आपल्यासारख्यांना विशेष वाटेल. ते पहिल्या येण्याचं नव्हतं. गाडीचं वजन आणि वेग लक्षात घेऊन कमीत कमी इंधन कोण वापरतं, याचं होतं. छोटं इंजिन, घासूनपुसून केलेला आकार, हलकी बॉडी. हा आल्पिनचा घरचा विषय होता.

मग मोह झाला. सगळी शर्यतच जिंकू! गॉर्दिनीने बनवलेलं तीन लिटरचं व्ही८ इंजिन घेऊन १९६८ साली ए२२० ही मोठी गाडी आली. ताकद तीनशे अश्वशक्तीच्या थोडी वर. पण मैदानात पोर्शे आणि फोर्ड होत्या, आणि त्यांच्याकडे ताकदही जास्त, पैसाही जास्त. मोठ्यांच्या खेळात मोठ्यांसारखं उतरल्यावर आल्पिनकडे वेगळं असं काहीच उरलं नाही. १९६९ च्या ल मांमध्ये मोठ्या गाड्या शेवटपर्यंत टिकल्याच नाहीत, आणि रेदेलेने हा नाद सोडून सगळं लक्ष रॅलीकडे वळवलं. हरल्यावर आपण कशात चांगले आहोत ते बघून मागे फिरला. मला वाटतं, त्याचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

घाटातले दिवस

माँटे कार्लो रॅली जानेवारीत होते. रात्रीचे घाट, एका वळणावर कोरडा रस्ता तर पुढच्या वळणावर बर्फ. १९६८, ६९ आणि ७० अशी सलग तीन वर्षं ती पोर्शेने जिंकली होती. १९७१ साली स्वीडनचा ओवे अँडरसन ए११० घेऊन पहिला आला. ज्याँ-ल्यूक तेरिए दुसरा, तोही आल्पिनवर. तिसऱ्या जागी ज्याँ-क्लोद आंद्रुएची आल्पिन आणि एक पोर्शे बरोबरीत. त्या वर्षीचं उत्पादकांचं आंतरराष्ट्रीय रॅली अजिंक्यपद दिएपला गेलं.

१९७३ साली आज आपण ज्याला जागतिक रॅली अजिंक्यपद म्हणतो ते पहिल्यांदा सुरू झालं. पहिलीच रॅली माँटे कार्लो. आंद्रुए पहिला, त्याच्या शेजारी नकाशे आणि नोंदी सांभाळायला मिशेल पेती ही सहचालिका, जिला सगळे ‘बिश’ म्हणत. दुसरा अँडरसन, तिसरा ज्याँ-पिएर निकोला. तिन्ही आल्पिन! वर्षभरात तेरा रॅली झाल्या, त्यातल्या सहा आल्पिनने जिंकल्या : माँटे कार्लो, पोर्तुगाल, मोरोक्को, ग्रीसची ॲक्रोपोलिस, इटलीची सान रेमो आणि कॉर्सिका. बर्फ, दगडगोटे, वाळवंट, डांबर, काहीच सुटलं नाही. जगाचं पहिलं रॅली अजिंक्यपद एका बंदरगावातल्या कारखान्याने नेलं, तेही कुटुंबाच्या गाडीतून आलेल्या इंजिनावर.

किंमत

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण त्याच १९७३ च्या ऑक्टोबरात तेलसंकट आलं. पेट्रोलचे भाव भडकले आणि स्पोर्ट्स कार घेणारं गिऱ्हाईक रातोरात आटलं. रॅलीचा खर्च डोक्यावर होताच. त्याच वर्षी आल्पिनची मालकी रेनोकडे गेली. इंजिन, गिअरबॉक्स, विक्रीची दुकानं हे सगळं आधीपासून रेनोचंच होतं. आता कंपनीही. मैदानातही वारं फिरलं. १९७४ पासून लॅन्शिया स्ट्रॅटोस आली. मध्यभागी फेरारीचं व्ही६ इंजिन आणि पहिल्या रेघेपासून रॅलीसाठीच आखलेली गाडी. बर्लिनेत तोवर बारा वर्षांची म्हातारी झाली होती.

रेनोच्या छत्राखाली एक मोठं स्वप्न मात्र पुरं झालं. १९७८ साली ल मां जिंकली, दोन लिटर टर्बो व्ही६ च्या आल्पिन ए४४२बी गाडीने. दिदिए पिरोनी आणि ज्याँ-पिएर जोसो यांनी ३६९ फेऱ्या मारल्या, दुसऱ्या क्रमांकाच्या पोर्शेपेक्षा पाच जास्त. पण त्याच वर्षी रेदेले कंपनीतून बाहेर पडला. रेनोने ल मां सोडून फॉर्म्युला वनकडे मोर्चा वळवला.

पुढच्या आल्पिन मोठ्या होत गेल्या. ए३१० ला १९७६ साली व्ही६ इंजिन आलं, १९८० च्या दशकात जीटीए, १९९१ साली ए६१०. गाड्या वाईट नव्हत्या, पण मोठ्या इंजिनाच्या आरामशीर गाडीत गिऱ्हाईकाला पोर्शे हवी असायची. ए६१० हजारही विकल्या गेल्या नाहीत. १९९५ साली आल्पिन हे नाव बंद पडलं.

कारखाना मात्र बंद पडला नाही, आणि मला या सगळ्या इतिहासात तोच भाग सगळ्यात भावतो. दिएपच्या कामगारांना थोड्या संख्येच्या, अवघड, हाताने जुळवायच्या गाड्या करता येत होत्या. आधी रेनो-५ टर्बो त्यांनीच बनवली होती. १९९५ नंतर रेनोची स्पोर्ट स्पायडर आणि क्लिओच्या वेगवान आवृत्त्या तिथून बाहेर पडत राहिल्या. भिंतीवरचं नाव गेलं, पण हातातली कला राहिली. रेदेले २००७ साली वारला. तेव्हा आल्पिन नावाची गाडी बाजारात नव्हती.

पुन्हा दिएप

दहा वर्षांनी, २०१७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात नवी ए११० आली. ॲल्युमिनियमची, इंजिन मध्यभागी, १७९८ सीसी टर्बो, २५२ अश्वशक्ती आणि वजन सुमारे ११०० किलो. आजच्या सुरक्षेच्या नियमांत हा आकडा गाठणं सोपं नाही. सीट प्रत्येकी साधारण १३ किलोची शोधली. पार्किंग ब्रेकची वेगळी यंत्रणा न ठेवता ती मुख्य ब्रेकच्या कॅलिपरमध्येच बसवली. असे ग्रॅम-किलो वेचत गेले. पहिल्या तुकडीतल्या १९५५ गाड्या (आकडा ओळखलात ना?) काही दिवसांतच बुक झाल्या.

२०२१ पासून फॉर्म्युला वनमध्ये रेनोचा संघ आल्पिन या नावाने उतरला आणि त्याच वर्षी हंगेरीत इस्तेबान ओकोनने शर्यत जिंकली. २०२४ साली जाहीर झालं की २०२६ पासून हा संघ मर्सिडीजचं इंजिन वापरणार. इंजिन पुन्हा दुसऱ्याचं! आणि २०२४ सालीच आलेली विजेवरची ए२९० जवळजवळ दीड टनाची आहे, म्हणजे जुन्या बर्लिनेतच्या दुप्पट. बॅटरीच्या युगात हलकी गाडी कशी करायची, या प्रश्नाचं उत्तर अजून कोणालाच नीट सापडलेलं नाही. आपल्यापैकी कोणाला सापडलं तर दिएपला अर्ज करावा!

आपल्यासाठी धडा

आल्पिनच्या इतिहासातून मी तीन गोष्टी आमच्या टीमच्या बोर्डावर लिहून ठेवल्या आहेत.

पहिली, जे हातात नाही त्यावर रात्र घालवायची नाही. इंजिन ठरलेलं आहे. पण फ्रेम, ब्रॅकेट, सीट, बोल्ट हे सगळं आपणच ठरवतो. या वर्षी वर्कशॉपमध्ये वजनाची एक वही ठेवली आहे. कुठलाही भाग बग्गीला लागण्याआधी काट्यावर जाणार, वहीत लिहिला जाणार आणि शेजारी बनवणाऱ्याची सही होणार. ‘असू दे’ हा शब्द वहीत चालणार नाही.

दुसरी, हलकं म्हणजे कच्चं नव्हे. रोल केज, वेल्ड, ब्रेक, सीटबेल्ट यांच्या वजनाला कोणी हात लावायचा नाही. रेदेलेने वजन काढलं ते आकार आणि मटेरिअल यांचा विचार करून. काढायचं म्हणून भोकं पाडत सुटलं तर ते इंजिनिअरिंग नाही.

तिसरी जरा कडू आहे. दुसऱ्याच्या इंजिनावर उभं राहिलेलं काम दुसऱ्याच्या मर्जीवरही उभं असतं. रेनोशिवाय आल्पिन जन्मली नसती, आणि १९९५ साली रेनोनेच तिला बंद केलं. अशा वेळी वाचवते ती दिएपच्या कामगारांसारखी हाताला असलेली सवय. स्पर्धा जिंकू किंवा हरू, ही बॅच पास होऊन जाईल आणि बग्गीही शेवटी भंगारात जाईल. पुढच्या मुलांच्या हाती काही उरलंच तर ती वजनाची वही आणि ती भरण्याची सवय.

हे छापून येईल तेव्हा फ्रेमचं काम सुरू झालेलं असेल. आजच्या तारखेला वहीतली बेरीज, इंजिन धरून, २४८ वर थांबवायचं ठरलं आहे. शंका असणाऱ्यांनी रात्री जेवण झाल्यावर वर्कशॉपमध्ये यावं. काटा तिथेच आहे. फक्त सकाळी सहाच्या आत तो मेसला परत द्यायचा असतो, नाहीतर मावशी बटाटे मोजणार कशावर?

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी